“मॅडम, माझ्यात विलपॉवरच नाही”

‘मला मोबाइलचं व्यसन लागलंय का?’ पालक हे मुलांबद्दल विचारतातच, पण हल्ली मोठी माणसं स्वतःबद्दलही विचारू लागलीत. त्यातल्याच एक बाई. चाळिशीच्या, पतसंस्थेत कॅशियर (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). रात्री साडेदहाला ओटा आवरून आडवं झालं की पाच मिनिटं म्हणून रील्स सुरू व्हायच्या आणि दीड वाजायचा. सकाळी सहाला पुन्हा डबे. एकदा भर काउंटरवर नोटा मोजताना डुलकी लागली, तेव्हा घाबरून आल्या.

“ॲप कितीदा काढून टाकलं. परत घेतलंच. माझ्यात विलपॉवरच नाही हो.”

व्यसनाचा शिक्का मी घाईने मारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, रील्सचा नाही. गेमिंगच्या बाबतीतही ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, एवढं पाहावं लागतं. अर्थात झोप उडाली आहे हे खरंच आहे, त्यावर उपाय करायला आजाराचं नाव लागत नाही.

“काय बघता?” त्यांना आठवेना. “फोन न घेता कधी झोपलात?” यावर मात्र लगेच उत्तर आलं. “सासूबाई गावी गेल्या होत्या तेव्हा. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून नुसती बसायचे. एरवी नुसतं बसलेलं दिसलं की कुणीतरी काम सांगतंच.”

दिवसभरात स्वतःचा म्हणावा असा वेळच नव्हता, तो त्या झोपेतून काढत होत्या. कुणी जागं ठेवत नसताना माणूस झोपणं पुढे ढकलतो, या सवयीवर नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये लिहिलं होतं. त्यात रील्सची रचना अशी, की पुढची मजेशीर निघेल की रटाळ, सांगता येत नाही. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबुतरं चोच मारतच राहायची. शिवाय पेपर शेवटच्या पानाला संपतो, रील्सना शेवटचं पानच नाही. दमलेल्या माणसाने रात्री अकरा वाजता याच्याशी निश्चयाच्या बळावर झुंजावं, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

म्हणून रील्स बंद करायला सांगितलंच नाही. संध्याकाळी साडेसातला अर्धा तास, गॅलरीत, चहा घेऊन, हवं ते बघा. तेवढ्यात कुकर नवऱ्याने लावायचा. (नवरोबांचं म्हणणं, “त्यात काय, फोन बंद करायचा!” ते स्वतः क्रिकेटचे व्हिडिओ बाथरूममध्ये बघतात, हे नंतर कळलं.) रात्रीसाठी एकच गोष्ट ठरली: ओटा पुसून झाला की फोन फ्रिजवर चार्जिंगला. गजरासाठी उशाशी फोन लागतो ही सबब होती, म्हणून साधं गजराचं घड्याळ आणलं. ‘कमी बघेन’ या संकल्पापेक्षा ‘अमुक झालं की तमुक करेन’ असं आधीच ठरवलेलं जास्त पाळलं जातं, हे पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलंय.

मध्येच दोन रात्री फोन पुन्हा अंथरुणात आला आणि त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, “सगळं मुसळ केरात!” व्यसनमुक्तीवर काम केलेल्या ॲलन मार्लॅटचा भर इथेच होता: एकदा घसरण्यापेक्षा ‘आता गेलंच, मग कशाला थांबा’ हा विचार जास्त खाली नेतो. तिसऱ्या रात्री फोन फ्रिजवर गेला.

दिवसाही कशातच मन लागत नसेल, किंवा नको ते विचार येऊ नयेत म्हणून फोन हातात लागत असेल, तर मात्र दुखणं वेगळं असू शकतं. तेव्हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. या बाईंना ती गरज नव्हती. शनिवारी अजून बारा वाजतात म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी सुट्टी असते म्हणून. मी पुढची तारीख दिली नाही.