मुलीला सिकलसेल आहे, पण फारसं दुखत नाही. आजार सौम्य समजायचा का?

एवढ्यावरून तरी नाही. तुम्ही लिहिलंय की मुलगी चार वर्षांची आहे, एसएस पॅटर्न आहे (म्हणजे आई आणि वडील दोघांकडून सिकलचा जीन आलेला), हिमोग्लोबिन ७.८ आहे, वर्षभरात एकदाच हातपाय दुखले आणि रिपोर्टमधलं ‘एस ७६ टक्के’ (एस म्हणजे सिकलचं सदोष हिमोग्लोबिन) बघून घरचे घाबरलेत. मी बालरोगतज्ज्ञ आहे. आईवडील बहुतेक वेळा याच आकड्याला घाबरतात, आणि त्याला घाबरण्याचं कारण नसतं.

एसएस मुलांत नेहमीचं ‘ए’ हिमोग्लोबिन तयारच होत नाही, म्हणून एस जास्तच येणार. त्याच कागदावर ‘एफ’ किती आहे ते बघा. हे गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन. पेशीत एसच्या साखळ्या जुळून पेशी विळ्यासारखी वाकते, त्या जुळायला ते अडथळा आणतं. एफ २० टक्क्यांच्या आसपास टिकलेली मुलं साधारणपणे कमी आजारी पडतात. (तान्हेपणी ते सगळ्यांचंच जास्त असतं, तेव्हाच्या रिपोर्टवर जाऊ नका. नुकतंच रक्त चढवलं असेल तर तेव्हाचे आकडेही फसवे.)

७.८ हा आकडा एसएसच्या मुलांत नेहमी दिसणाराच आहे. ती ठणठणीत असतानाचं हिमोग्लोबिन लिहून ठेवा, कारण आजारपणात तुलना त्याच्याशी करायची असते, शेजारच्या मुलाशी नाही. ते अचानक २ ग्रॅमने घसरलं आणि डाव्या बरगडीखाली पाणथरी (प्लीहा) वाढलेली लागली, तर रक्त पाणथरीत अडकलंय. यात काही तासांत जीव जाऊ शकतो. पाणथरी हाताने कशी तपासायची ते डॉक्टरांकडून शिकून घ्या.

आता दुखण्याचं. चार वर्षांचं मूल ‘दुखतंय’ म्हणेलच असं नाही. ते लंगडतं, कडेवरून उतरत नाही, खेळ सोडून पडून राहतं. घरच्या घरी औषध देऊन निभावलेली दुखणी आईवडील मोजत नाहीत आणि दवाखान्यात सांगत नाहीत, म्हणून मी ती खोदून विचारतो. दुसरं म्हणजे, दुखणं आणि मेंदूचा धोका (पक्षाघात) हातात हात घालून चालत नाहीत. हिमोग्लोबिन त्यातल्या त्यात बरं असलेल्या मुलांत दुखणं आणि खुब्याचं हाड खराब होणं जास्त दिसतं. ज्यांच्या पेशी भराभर फुटतात, हिमोग्लोबिन खालीच राहतं, त्यांना पक्षाघाताचा धोका जास्त, मग हातपाय दुखोत न दुखोत.

मेंदूचा धोका कळतो ट्रान्सक्रेनिअल डॉपलरने. ही डोक्याची सोनोग्राफीच, सुई नाही, रेडिएशन नाही. एसएस मुलांत २ ते १६ वर्षं दरवर्षी करायची. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतला वेग सेकंदाला २०० सेंटीमीटर किंवा वर गेला तर नियमित रक्त चढवायला लागतात. त्याने पहिला पक्षाघात बहुतांशी टळतो, हे १९९८ सालीच सिद्ध झालंय. मुलगी कितीही हसतीखेळती असली तरी ही तपासणी टाळू नका. शाळेत अचानक मागे पडू लागली तर एमआरआयबद्दलही विचारा, कारण मेंदूतल्या छोट्या इजा बाहेरून दिसत नाहीत.

छातीचा आजार (ताप, खोकला, धाप, एक्स-रेवर नवा डाग) किती वेळा झाला, रक्त किती वेळा चढवलं, हेही मी बघतो. पण लहान वयात कुणाचा आजार पुढे तीव्र होईल हे ठरवणारी सूत्रं मांडली गेली, आणि नंतरच्या मुलांवर ती नीट लागू पडली नाहीत. त्यामुळे चौथ्या वर्षी कुणालाही ‘सौम्य’ म्हणून सोडायला मी तयार नसतो.

उपचारही आजार सौम्य की तीव्र यावर अडून नाहीत. एसएस असेल तर ९ महिन्यांपासून, त्रास नसला तरी, हायड्रॉक्सीयुरिया (एफ वाढवणारं औषध) द्यावं असं अमेरिकेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ते सुरू नसेल तर पुढच्या भेटीत विषय काढा. आणि ताप ३८.५ सेल्सिअसला (१०१.३ फॅरनहाइट) पोचला तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.