आधी क्षितिज, मग काटे

अरे, हेलिकॉप्टर डोलतंय म्हणून सिम्युलेटर बंद करू नकोस. सुरुवातीला सगळ्यांचंच डोलतं. कळंगुटहून आग्वादकडे जाताना उजव्या हाताला समुद्राचं क्षितिज मिळतं. समोरच्या काचेत ते किती उंचीवर दिसतं, तेवढं डोळ्यांत पक्कं बसव. ते हललं की वेग बदलणारच.

- सायक्लिक, म्हणजे हेलिकॉप्टर पुढे-मागे, बाजूला कलवणारी दांडी, मुठीत आवळू नको. हात मांडीवर टेकव, बोटांनी नुसता दाब दे आणि थांब. नवखे थांबत नाहीत, वेग-उंची दाखवणाऱ्या काट्यांमागे धावतात. मग झोके वाढतच जातात.
- उंची कलेक्टिव्हने, म्हणजे डाव्या हाताच्या लिव्हरने, सांभाळ. आर-२२ या छोट्या हेलिकॉप्टरमध्ये तो वर घेतलास की नाक उजवीकडे वळतं. लगेच थोडं डावं पेडल.

होव्हरिंग, म्हणजे हवेत एका जागी थांबून राहणं, सध्या राहू दे. 60 नॉट्सवर सरळ उडणं त्याहून पुष्कळ सोपं, आठवडाभर तेच कर.