नेटवर्क तुटलं तर राफ्टमध्ये (अनेक सर्व्हरवर एकसारखा डेटा ठेवायची पद्धत; त्यातला प्रमुख सर्व्हर म्हणजे लीडर) दोन लीडर होतात का? आणि ४ नोड (सर्व्हर) ठेवले तर?

होऊ शकतात, थोडा वेळ, पण डेटाची वाट लागत नाही. समजा ५ नोड आहेत, लिंक तुटून ३-२ अशी फाटाफूट झाली आणि जुना लीडर २ वाल्या बाजूला अडकला, त्याला बिचाऱ्याला पत्ताच नसतो, तो राइट (डेटा लिहायच्या विनंत्या) घेत बसतो पण कमिटला (ते पक्कं व्हायला) ५ पैकी ३ जणांचा होकार लागतो आणि तो काही येत नाही, मग क्लायंटला टाइमआउट. तिकडे तिघांना हार्टबीट (लीडरचा 'मी चालू आहे' असा संदेश) मिळेना म्हणून ते टर्म (निवडणुकीचा क्रमांक) वाढवून नवा लीडर निवडतात. लिंक जुळली की जुन्याला मोठा टर्म नंबर दिसतो, तो गुपचूप फॉलोअर (लीडरचं ऐकणारा नोड) होतो, त्याच्या अर्धवट एंट्र्या नव्या लीडरच्या लॉगने (नोंदींच्या यादीने) पुसल्या जातात.

खरी गोची रीडची (डेटा वाचण्याची), जुना लीडर शिळा डेटा देऊ शकतो, म्हणून इटीसीडी (राफ्टवर चालणारा डेटाबेस) डिफॉल्टने रीडच्या आधीही बहुमताची खात्री करतं.

४ नोडचा उपयोग शून्य: बहुमत ३ चं, म्हणजे एकच पडलेला चालतो, तेवढं तर ३ नोडमध्येही भागतं.

लिंक फारच खराब असेल तर इलेक्शन टाइमआउट, म्हणजे हार्टबीट नसताना निवडणुकीआधी थांबायचा वेळ, वाढवा (इटीसीडीत डिफॉल्ट १००० मिलिसेकंद), नाहीतर सारख्या निवडणुकाच चालू राहतील.