खुन्याचं नाव सगळ्यांना पाठ, मेलेल्यांचं कुणालाच नाही

गुन्ह्यांच्या बातम्या आणि त्यातून गुन्हेगारांना मिळणारी प्रसिद्धी या विषयावर ठाणे-नवी मुंबईतून आलेल्या काही प्रश्नांना इथे उत्तरं देत आहे.

मुलगा नववीत आहे. रात्री कानात इअरफोन घालून सीरियल किलरचे पॉडकास्ट ऐकतो. परवा त्याच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर तुरुंगातल्या एका गँगस्टरचा फोटो दिसला. विचारलं तर म्हणाला, 'अगं, सगळ्यांकडे आहे.' काळजी करू का?
– एक आई, घोडबंदर रोड

पॉडकास्टची नको, वॉलपेपरची करा. भीतीदायक गोष्टींचं कुतूहल या वयात असतंच. पण वॉलपेपर हे कुतूहल नाही, ते कौतुक आहे. आणि 'सगळ्यांकडे आहे' हे तो खोटं सांगत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये गँगस्टरांचे फोटो छापलेले टी-शर्ट ऑनलाइन विकायला आले होते आणि महाराष्ट्र सायबर पोलिसांना गुन्हा दाखल करावा लागला होता.

मोबाइल हिसकावू नका. जेवताना सहज विचारा, 'याच्यात तुला काय आवडतं?' बहुतेक उत्तर 'त्याला कुणी नडत नाही' असं येईल. मग शाळेत किंवा क्लासला आपल्या मुलाला कोण नडतंय, ते शोधायला लागा.

पॉडकास्टबद्दल त्याला एकच काम द्या. ऐकलेल्या गोष्टीत मेलेल्यांपैकी एका माणसाबद्दल चार वाक्यं सांग म्हणावं. कुठे राहायचा, काम काय करायचा, घरी कोण होतं. त्याला जमणार नाही, कारण सांगणाऱ्यानेच ते सांगितलेलं नसतं. रमण राघवचं नाव मुंबई-ठाण्यात आजही लोकांच्या तोंडी आहे. १९६० च्या दशकात त्याने मारलेली माणसं फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपणारी होती. त्यांच्यापैकी एकाचं तरी नाव तुम्हाला-मला सांगता येईल का? मला याचा राग येतो. गरीब माणूस जिवंतपणी दिसत नव्हता, मेल्यावरही तो फक्त खुन्याच्या आकड्यात मोजला गेला.

मुलगा हत्यारं जमवत असेल, 'बघून घेईन'ची भाषा घरात बोलत असेल, तर मात्र थांबू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

मी पत्रकारितेचा विद्यार्थी आहे. खुन्याचं नावच द्यायचं नाही, म्हणजे बातमी दडपणंच नाही का?
– नेरुळ

नाव गाळा असं मी म्हणत नाही. आरोपी फरार असेल तर नाव आणि फोटो दोन्ही हवेतच. रमण राघवला ऑगस्ट १९६८ मध्ये उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी ओळखलं, ते फोटो आणि वर्णनावरूनच. पण माणूस सापडल्यावर तोच फोटो दिवसभर पडद्यावर फिरवून काय साधतं?

१५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत झालेल्या हल्ल्यात ५१ माणसं गेली. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितलं की त्या माणसाचं नाव मी कधीही घेणार नाही, गेलेल्यांची नावं घ्या. पुढे तिथल्या पाच मोठ्या वृत्तसंस्थांनी खटल्याच्या वार्तांकनासाठी नियम ठरवले. त्याच्या विचारांचा, खुणांचा प्रचार होईल असं काही दाखवायचं नाही, असं त्यांनी मान्य केलं. खटल्याची बातमी मात्र येत राहिली. म्हणजे दडपलं काहीच नाही, त्याला हवं असलेलं व्यासपीठ तेवढं काढून घेतलं.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या धंद्यात फार लवकर विसरली जाते. आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे. २००६ मध्ये उघडकीस आलेल्या, नोएडातल्या निठारीच्या मुलांच्या हत्यांच्या प्रकरणात दोन चेहरे देशभर 'नरपिशाच' म्हणून दाखवले गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा झालेल्या खटल्यांतून दोघांनाही निर्दोष ठरवलं. मुलं तर गेलीच, आणि त्यांच्या आईबापांना आजवर सरळ उत्तर मिळालेलं नाही. इतकी वर्षं कॅमेरे चेहऱ्यांवर होते. तपास कसा चाललाय, पुरावे कसे गोळा होतायत, हे विचारायला कमी लोक होते.

आमच्या नाक्यावर खुनाच्या गुन्ह्यात जामिनावर सुटलेल्या एका 'भाई'च्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. खाली पंचवीस पोरांचे फोटो. कुणाला सांगायचं?
– ज्येष्ठ नागरिक, ऐरोली

महापालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. फ्लेक्सवर काय लिहिलंय त्यावर वाद घालू नका, परवानगी आहे का एवढंच विचारा. परवानगी नसेल तर मालमत्ता विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा लागू होतो. एकट्याच्या सहीने देऊ नका, सोसायटीच्या लेटरहेडवर द्या. त्या पंचवीस पोरांपैकी दोघा-तिघांना तुम्ही लहानपणापासून ओळखत असाल. त्यांच्या आईवडिलांशी बोला. भाईच्या शेजारी फोटो लागणं ही त्या पोरांची नाक्यावरची पहिली ओळख ठरते, म्हणून हे काम तक्रारीइतकंच महत्त्वाचं.

ठाण्याच्या तुरुंगात अनंत कान्हेरे फाशी गेले. आपण त्यांना फुलं वाहतो. मग खुन्याला मान देऊ नये, हे कोणत्या तोंडाने म्हणायचं?
– नौपाडा

प्रश्न अवघड आहे आणि तो टाळू नये. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्यात फासावर गेले. कान्हेरे अवघे अठरा वर्षांचे. परक्या सत्तेच्या अधिकाऱ्यावर उठलेला तरुण आणि नमाज पढणाऱ्या अनोळखी माणसांवर गोळ्या झाडणारा यांना मी एका रांगेत बसवणार नाही. पण 'कारण मोठं होतं' एवढंही पुरत नाही, कारण कारण प्रत्येकच सांगतो. माझं म्हणणं, गोष्ट पूर्ण सांगा. जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता, लोक त्याला 'पंडित जॅक्सन' म्हणत, हेही मुलांना सांगा. त्याने कान्हेरेंचं धैर्य कमी होत नाही.

गुन्हेगार स्वतःच्या कहाणीतून पैसे कमवू शकतो का?
– वाशी

न्यूयॉर्कने १९७७ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रद्द केला. आपल्याकडे तमिळनाडूतला खुनी ऑटो शंकर याच्या आत्मकथेवरून १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सरकार असं प्रकाशन आधीच रोखू शकत नाही. न्यायालयीन नोंदींसारख्या सार्वजनिक कागदपत्रांत जे आहे ते छापता येतं. कायदा त्यामुळे तिथे फारसा उपयोगी नाही. मालिका काढणाऱ्यांनी मेलेल्याच्या घरच्यांना आधी विचारावं आणि मिळकतीत त्यांचा वाटा ठेवावा, ही मागणी मात्र प्रेक्षक म्हणून आपण करू शकतो.