लेन्स सर्व्हिसला देण्याआधी तो बारीक स्विच बघा

ताई, तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही. येरळवाडीच्या तलावावर तीन रविवार गेलात, उडणाऱ्या रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) शटर १/३० सेकंदावर ठेवून पाचेकशे फोटो काढलेत, एकाचाही डोळा धड आला नाही. बसलेल्या पक्ष्याचे फोटो मात्र लख्ख. म्हणून विचारताय, लेन्स सर्व्हिसला देऊ का? एवढ्यात देऊ नका. मी दिली होती.

माझी ४०० एमएमची जुनी लेन्स आहे. तिच्या अंगावर फोकसच्या स्विचखाली आणखी एक बारीक स्विच आहे, १ आणि २ असे पांढरे आकडे असलेला. दुकानातून आणली तेव्हा तो १ वर होता आणि दोन हिवाळे तिथेच राहिला. पहिल्या मोडमध्ये स्टॅबिलायझर, म्हणजे हाताचा हादरा आवरणारी लेन्समधली यंत्रणा, आडवी-उभी सगळी हालचाल थोपवतो. झाडावर बसलेल्या पक्ष्याला ते उत्तम. पॅनिंगमध्ये मात्र पक्षी लख्ख आणि मागचं सगळं रेघांत यावं म्हणून कॅमेरा आपण उडत्या पक्ष्याबरोबर मुद्दाम आडवा फिरवत असतो. तुम्ही उजवीकडे फिरताय आणि आतली काच चित्र जागेवर धरायला बघतेय. दुसऱ्या मोडमध्ये ती फक्त वर-खाली होणारा हादरा आवरते, आडवं फिरणं सोडून देते. हल्लीच्या बऱ्याच लेन्स पॅनिंग आपोआप ओळखतात, काहींना मोडच नसतात. तुमची लेन्स मी पाहिलेली नाही, तेव्हा तिचं माहितीपुस्तक उघडून खात्री करा. खूण सांगतो: पक्ष्यामागे फिरताना व्ह्यूफाइंडरमधलं चित्र सलग सरकत नाही, अडखळतं आणि एकदम पुढे उडी मारतं.

मला ती उडी दिसत होती. आधी वाटलं मनगट कच्चं आहे, मग वाटलं लेन्स बिघडली. डिसेंबरअखेर एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला पाठवली. सोबत सहा हललेले फोटो छापून दिले आणि चिठ्ठीत स्वच्छ लिहिलं, 'बसलेला पक्षी शार्प येतो, उडणारा येत नाही.' पाच आठवड्यांनी लेन्स परत आली. शेरा: 'तपासणीत दोष आढळला नाही.' वर तपासणीचे पैसे. फोन केला तेव्हा कळलं, लेन्स स्टँडवर घट्ट बसवून भिंतीवरच्या चार्टचे फोटो काढले होते. स्टँडवर हा प्रकार दिसणार कसा? माझी चिठ्ठी कुणी वाचलीच नव्हती. कॅमेरा फिरवत होता का, स्विच कुठे होता, एवढं विचारायला अर्धं मिनिट पुरलं असतं. फेब्रुवारीत पुन्हा पाठवली, पुन्हा तोच शेरा. लेन्स हातात आली तोवर रोहित निघून गेले होते. लिहितानाही राग येतोय, माफ करा.

दोष सापडला तो इथे सांगलीत, कृष्णेच्या घाटावर. संध्याकाळी आयर्विन पुलाच्या अंगाने बगळे थव्याथव्याने परततात, मी सरावाला उभा होतो. लग्नाचे फोटो काढणारे एक काका शेजारी होते. "बघू जरा" म्हणून त्यांनी कॅमेरा घेतला, एका बगळ्यामागे फिरले आणि डोळा न काढताच म्हणाले, "चित्र मागं ओढतंय की रं. काय चालू ठेवलंयस?" अंगठ्याने चाचपत त्यांनी तो स्विच २ वर सारला. पाच मिनिटांत मला १/३० ला पहिला फोटो मिळाला: पिवळी चोच आणि डोळ्याचा काळा ठिपका लख्ख, पंख धुरासारखे, पलीकडच्या काठावरची झाडं आडव्या हिरव्या रेघांत. तो फोटो अजून फोनवर ठेवलाय.

कंबरेतून फिरणं, बटण दाबल्यावरही फिरत राहणं वगैरे तुम्हाला येतंय असं पोस्टवरून दिसतं, ते सोडतो. माझं मत, पटलं तर घ्या: १/३० वरून सुरुवात करू नका. एक आठवडा १/१२५, मग १/६०, मग खाली. पुलावरच्या एसटीवर सराव करा, त्यात कमीपणा नाही. आणि मोकळ्या आकाशात पॅनिंग फुकट जातं, कारण रेघा ओढायला मागे काही नसतं. मागे लव्हाळं, ऊस, झाडी हवी. कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर ते बंद ठेवा, नाहीतर मागची झाडं आणि खांब तिरपे येतात.

उजेडाचंही एक. स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ/१६ ला (लेन्सचं छिद्र बारीक) साधारण १/१२५ लागतो. १/१५ केलंत की तीन स्टॉप उजेड जास्त झाला; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. एफ/२२ वर गेलात तर त्यातला एकच परत येतो. उरलेल्या दोन स्टॉपांत रोहितचा पांढरा-गुलाबी रंग सगळ्यात आधी जळतो. उजेड कमी करणारी काळसर काच, म्हणजे तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, लावता येतो, पण डीएसएलआरमध्ये (आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) व्ह्यूफाइंडर अंधारतो आणि फोकस चाचपडतो. त्यापेक्षा सूर्य वर यायच्या आधी तलावावर पोचा. वडूजमार्गे जात असाल तर घरून अंधारातच निघा.

तुम्ही लिहिलंय की काही मंडळी पक्षी उडावेत म्हणून पाण्यात दगड टाकत होती. हे मी मायणीच्या तलावावरही पाहिलंय आणि तिथे भांडलोही आहे. थंडीत इथे पोट भरायला आलेला पक्षी आहे तो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हाकणंही येतं, हे त्यांना सांगा, आणि ऐकत नसतील तर वनविभागाला कळवा. उडवायची गरजही नसते. रोहित चरताना चोच उलटी बुडवून चालतात, पायांनी चिखल ढवळतात. ट्रायपॉडवर १/८ ला स्थिर कॅमेरा ठेवा, थांबलेले पक्षी लख्ख येतात आणि चालणाऱ्यांच्या माना पाण्यावर गुलाबी फटकाऱ्यासारख्या उमटतात. मला तर उडणाऱ्यांपेक्षा तेच फोटो जास्त आवडतात. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर मात्र बंद करा.

आज लेन्स हातात घ्या आणि स्विच कुठे आहे ते लिहा. २ वर केल्यावर बॅगेतून काढताना परत सरकतो, म्हणून मी काळ्या टेपचा तुकडा लावलाय. २ वर असूनही चित्र उड्या मारत असेल, तर मग सर्व्हिसला द्या, पण फिरवताना व्ह्यूफाइंडरमध्ये काय दिसतं तेही चिठ्ठीत लिहा आणि काउंटरवर त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.