शटरचा टीव्ही पुन्हा लावण्याआधी

माळ्यावरून उतरवलेले किंवा भंगारातून उचललेले जुने ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, पडद्यावर ओढायच्या लाकडी शटरचेसुद्धा, साफ कसे करायचे, याबद्दल वाचकांची बरीच पत्रं आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं. ती १९७० आणि ८०च्या दशकांत आपल्याकडे विकल्या गेलेल्या सेटांना धरून आहेत: ईसी, टेलिव्हिस्टा, क्राउन, वेस्टन, डायनोरा आणि त्यांची भावंडं.

भंगारवाल्याकडे लाकडी कपाटाचा २० इंची सेट दिसला. घेण्याआधी काय बघू? (कराड)

आधी पिक्चर ट्यूब बघा. बाकी सगळं दुरुस्त होतं, नवी ट्यूब मात्र मिळत नाही. मागचं झाकण काढायला सांगा आणि ट्यूबच्या बारीक मानेवर टॉर्च मारा. मानेजवळ काचेच्या आतल्या बाजूला आरशासारखा चंदेरी डाग असतो. ट्यूबमधली उरलीसुरली हवा शोषून घ्यायला तो मुद्दाम ठेवलेला असतो. डाग चकचकीत असेल तर ट्यूबमधला निर्वात शाबूत आहे. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे. अशी ट्यूब कशानेही जिवंत होत नाही, तेव्हा सेट फक्त कपाटासाठी घ्यायचा की नाही एवढंच ठरवा.

मानेवरची तांब्याची गुंडाळी, म्हणजे योक, जागेवर आहे का तेही पाहा. तांब्याच्या भावापायी भंगारात सगळ्यात आधी योक निघतो, आणि तो हातोडीने काढताना मान मोडते. सेट आवडला असेल तर ‘काही काढू नका, आहे तसा द्या’ असं तिथल्या तिथे सांगून ठेवा.

नेताना दोन माणसं लावा. रिक्षात किंवा टेम्पोत घोंगडी दुमडून त्यावर सेट पडद्याच्या बाजूने पालथा ठेवा, कारण जवळजवळ सगळं वजन पुढच्या काचेत असतं. सुटी ट्यूब असेल तर मानेला धरून कधीही उचलू नका.

सेट घरी आणला. एकदा लावून बघायला काय हरकत आहे? (सांगली)

हरकत आहे, आणि मोठी आहे. वीस-तीस वर्षं बंद असलेल्या सेटमधले इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर आतून सुस्तावलेले असतात. त्यांच्यातला ऑक्साइडचा पातळ थर झिजलेला असतो. एकदम २३० व्होल्ट दिले की ते शॉर्ट होतात आणि जाताना रेक्टिफायर डायोड, कधी कधी ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातात. जो सेट दोनशे रुपयांच्या भागांत चालला असता, तो त्या ‘एकदा बघू’मध्ये कायमचा जातो.

सुरुवात डिस्चार्जपासून करा. बंद सेटच्या ट्यूबमध्येही चार्ज साठून राहतो. २० इंची ब्लॅक अँड व्हाइट सेटला चालू असताना १५ हजार व्होल्टच्या वर लागतात, रंगीत सेटला साधारण २५ हजार. ट्यूबच्या पाठीवर रबरी टोपी असलेली जाड वायर जाते, तीच ही जागा. प्लग काढा. लांब, प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर घ्या, त्याच्या दांडीला वायर बांधा आणि वायरचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवर ताणलेल्या उघड्या विणीच्या तारेला चिमट्याने लावा. चॅसिसला (सगळे भाग बसवलेल्या धातूच्या चौकटीला) लावू नका: ट्रान्झिस्टरच्या सेटमध्ये तो झटका सर्किटमधून जाऊन ट्रान्झिस्टर मारतो. मग एक हात पाठीमागे ठेवून स्क्रूड्रायव्हरचं टोक रबरी टोपीखाली सरकवा. ‘टक्’ आवाज येईल किंवा येणार नाही. दहा मिनिटांनी पुन्हा तेच करा, कारण काचेत मुरलेला चार्ज हळूहळू परत वर येतो.

मुख्य फिल्टर कंडेन्सरसाठी ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब होल्डरसकट घ्या. त्याच्या दोन वायरी कंडेन्सरच्या टोकांना काही सेकंद लावा आणि मग मीटरने खात्री करा. ५ व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात घालायचा नाही.

आता साफसफाई. एक इंची रंगाचा ब्रश आणि ब्लोअर पुरतात. तोंडाला मास्क लावा. ईएचटी ट्रान्सफॉर्मरभोवती (ट्यूबला हजारो व्होल्ट देणारा तो हाच) धूळ सगळ्यात दाट असते, कारण उच्च दाब ती ओढून घेतो. पावसाळ्यात तीच धूळ ओलावते आणि तिच्यावरून ठिणग्या धावतात. वायरी नीट बघा: रबराच्या जुन्या वायरी वाकवल्या की खपल्या पडतात, अशा सगळ्या बदला. फ्यूजच्या जागी कुणी तांब्याची तार गुंडाळली असेल तर ती काढून चॅसिसवर लिहिलेल्या अँपिअरचाच फ्यूज बसवा.

मुख्य फिल्टर कंडेन्सर हळूहळू दाब देऊन ‘फॉर्म’ करता येतात, पण आमचं मत स्पष्ट आहे: बदलून टाका. २०० मायक्रोफॅरडच्या जागी २२० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट, १०५ अंशांचा घ्या. ‘जास्त तेवढं चांगलं’ म्हणून ४७० घालू नका. सेट लावताक्षणी तो इतका करंट ओढतो की जुना बीवाय १२७ डायोड तिथेच बसतो. डायोड बदलायचाच असेल तर १एन ५४०८ चालतो. जुना ॲल्युमिनियमचा डबा दिसण्यासाठी जागेवर राहू द्या, फक्त त्याच्या वायरी काढा.

शेवटी सिरीज बोर्ड. सेटच्या एका वायरीत तारेचा बल्ब घाला. ट्रान्झिस्टरच्या सेटला १०० वॅटचा पुरतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, पूर्ण उजळलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या सेटला २०० वॅटचा बल्ब लागतो: ‘पी’ मालिकेतल्या व्हॉल्व्हची फिलामेंट एकापाठोपाठ एक जोडलेली असतात आणि त्यांनाच ०.३ अँपिअर, म्हणजे ६९ वॅट लागतात. लहान बल्बवर ती नीट तापतच नाहीत आणि चांगला सेट मेलेला वाटतो.

व्हॉल्व्ह तापत असताना नजर पीएल ५०४ या व्हॉल्व्हवर ठेवा. त्याच्या आतली करडी प्लेट लालसर दिसू लागली तर लगेच बंद करा. त्याच्या ग्रिडला लाइन ऑसिलेटरकडून (पडद्यावरच्या रेषांचा ताल देणाऱ्या भागाकडून) ड्राइव्ह मिळत नसतो, तेव्हा त्या भागातला पीसीएफ ८०२ व्हॉल्व्ह आणि त्याच्या आसपासचे कंडेन्सर आधी तपासा. सगळं जागेवर असेल तर मिनिटाभरात १५,६२५ हर्ट्झची बारीक शिट्टी येते. मोठ्यांना ती सहसा ऐकू येत नाही. घरातल्या लहान मुलाला विचारा.

टेस्टर लावला तर चॅसिसमध्ये करंट दाखवतो. सेट खराब आहे का? (चिपळूण)

नाही, त्याची रचनाच तशी आहे. बहुतेक मोठ्या सेटांत मेन ट्रान्सफॉर्मर नसतो आणि मेनची एक वायर थेट चॅसिसला जाते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की चॅसिस फेजवर येतं. काम करताना २३०/२३० व्होल्ट, ३०० व्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सेटला मेनपासून वेगळा ठेवणारा, वापरा. चॅसिसला अर्थिंग जोडू नका. नॉब तुटला असेल तर तो बसवल्याशिवाय सेट वापरू नका, कारण उघडी दांडी चॅसिसलाच जोडलेली असू शकते. नॉबच्या बाजूच्या बारीक स्क्रूचं भोकही मेणाने बुजवा. बोट तिथेच टेकतं.

पिक्चर ट्यूबच्या पाठीवर काजळीसारखा काळा थर आहे. साबणाने निम्मा निघाला, उरलेला कशाने काढू? (नाशिक)

थांबा. ती काजळी नाही. तो ग्रॅफाइटचा लेप आहे आणि तो मुद्दाम दिलेला असतो. बाहेरचा हा लेप, मधली काच आणि आतला लेप मिळून एक कंडेन्सर तयार होतो, आणि तोच ईएचटीचा दाब गुळगुळीत करतो. लेप गेला की चित्र अस्थिर होतं आणि काचेच्या पाठीवर ठिणग्या फिरतात. जेवढा उरला आहे तेवढा राहू द्या, त्यावर फक्त कोरडा मऊ ब्रश फिरवा. विणीची तार उरलेल्या लेपावर घट्ट टेकलेली हवी. मोठा भाग उघडा पडला असेल तर वीजवाहक ग्रॅफाइट पेंटचे दोन हात द्या.

एक जागा मात्र घासून साफ करायचीच: रबरी टोपीभोवतीचं काचेचं उघडं वर्तुळ आणि टोपीची आतली बाजू. डिस्चार्ज केल्यावर टोपी काढा आणि मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन दोन्ही पुसा. पूर्ण वाळू द्या, मगच टोपी बसवा. पावसाळ्यात येणारा ‘सर्रर्र’ आवाज बहुतेक वेळा याने जातो.

पुढची काच साध्या ओलसर फडक्याने पुसा. पाणी फडक्यावर घ्या, काचेवर फवारू नका, ते कडेने आत झिरपतं.

चॅनेलचा नॉब फिरवला की चित्र येतं-जातं, आणि आवाज वाढवताना खरखर होते. (अकोला)

दोन्हीचं कारण मळलेले संपर्क. ट्यूनरच्या आत एक ड्रम असतो आणि त्यावर प्रत्येक चॅनेलची पट्टी. पट्टीच्या चांदीचा मुलामा दिलेल्या बटणांवर काळा थर बसतो. ट्यूनरचं पत्र्याचं झाकण काढा, अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने बटणं पुसा, ड्रम पाच-सहा वेळा फिरवा. सँडपेपर लावू नका, मुलामा निघाला की महिन्याभरात पुन्हा तेच. आतल्या तांब्याच्या बारीक कॉइलला धक्का लावू नका. तिचा एखादा वेढा सरकला तरी चॅनेल हलतं.

व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचे एक-दोन फवारे मारा आणि दांडी वीस वेळा इकडून तिकडे फिरवा. गंज सोडवायचा स्प्रे इथे चालत नाही. त्याचं तेल कार्बनच्या पट्टीवर राहतं आणि धूळ धरतं.

सेटमध्ये उंदराचं घरटं होतं. (जळगाव)

रबरी हातमोजे घाला. लेप्टोचा धोका खरा आहे. घरटं कोरडं उपसू नका, आधी जंतुनाशकाचं पाणी शिंपडून ओलं करा. उंदराच्या मुतामुळे बोर्डाचं तांबं हिरवं पडतं. ती जागा अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासा, बारीक ट्रॅकवर मीटरची कंटिन्युइटी बघा आणि तुटलेल्या ट्रॅकवर तार टाका. ईएचटीचं आवरण कुरतडलेलं असेल तर टेप गुंडाळून भागत नाही, ट्रान्सफॉर्मर बदलावाच लागतो.

शटर अर्ध्यात अडकतं, आणि पॉलिश पांढुरकं पडलंय. (कोल्हापूर)

तेल घालू नका, लाकूड फुगतं. खाचेतली घाण बांबूच्या काडीने खरवडा आणि खाचेत साधी मेणबत्ती घासा. तरीही अडकलं तर शटर मागून बाहेर ओढा. पट्ट्या ज्या कापडावर चिकटवलेल्या असतात ते कुजलेलं असणार. पट्ट्यांना क्रमांक घाला, सपाट फळीवर एकमेकींना भिडवून उलट्या मांडा आणि मांजरपाटावर लाकडाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवा. गोंद पातळ लावा. दोन पट्ट्यांच्या फटीत उतरला की शटर वळतच नाही. वजन ठेवून रात्रभर वाळू द्या.

पॉलिशसाठी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा टेकवून बघा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचं पॉलिश आहे, आणि हे सगळ्यात सोपं. एक लिटर स्पिरिटमध्ये १०० ते १२० ग्रॅम लाख रात्रभर विरघळवा, गाळा आणि सुती बोळ्याने पातळ हात देत जा. पावसाळी दिवशी करू नका. हवेतला ओलावा अडकून तोच पांढुरकेपणा परत येतो.

सेट चालू झाला, पण पडद्यावर नुसत्या मुंग्या. आता त्यावर काय बघायचं? (ठाणे)

दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. ते ४ क्रमांकाच्या चॅनेलवर दिसायचं. ते ॲनालॉग प्रक्षेपण आता बंद झालं आहे. सेट-टॉप बॉक्स किंवा मीडिया प्लेअरच्या तीन रंगांच्या एव्ही वायरी आरएफ मॉड्युलेटरला (चित्र-आवाज जुन्या चॅनेलच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या डबीला) द्या आणि मॉड्युलेटर सेटच्या अँटेनाच्या सॉकेटला जोडा. खरेदी करताना दोन गोष्टी बघा. तो व्हीएचएफ या पट्ट्यावर चालणारा हवा, कारण जुन्या सेटांत त्याच्या वरचा यूएचएफ पट्टा नसतो. आणि चित्राच्या सिग्नलपासून आवाजाच्या सिग्नलचं अंतर ५.५ मेगाहर्ट्झ हवं. ते ४.५ किंवा ६ असेल तर चित्र दिसेल, आवाज येणार नाही. बॉक्सच्या सेटिंगमध्ये पाल (PAL) ही चित्रपद्धत निवडा. सेटचं सॉकेट चपट्या वायरीच्या अँटेनाचं असेल तर ७५ ते ३०० ओहमचा छोटा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर मध्ये घाला.

काही जण थेट चॅसिसवर एव्ही सॉकेट बसवून देतात. कृपया बसवून घेऊ नका. वर चॅसिसबद्दल लिहिलं आहेच: त्या सॉकेटमधून २३० व्होल्ट तुमच्या बॉक्समध्ये आणि हातात येऊ शकतात. अँटेनाच्या सॉकेटमागे मात्र चॅसिसपासून वेगळं ठेवणारे छोटे कंडेन्सर असतात. मॉड्युलेटर जोडण्याआधी तेही बदला, एक केव्हीच्या वरचे, सुरक्षेसाठी बनवलेलेच.

ट्यूब गेलीच असेल तर? (लातूर)

योक, ईएचटी, व्हॉल्व्ह, ट्यूनर, नॉब आणि मागचं झाकण काढून नावं लिहून ठेवा. दुसऱ्या सेटला यांतलं काही ना काही लागतंच. ट्यूब फोडू नका आणि फोडणाऱ्याला देऊ नका: आत निर्वात असल्याने काचा उडतात, आणि त्या काचेत शिसं असतं. मान कापडात गुंडाळून ती खोक्यात पालथी ठेवा आणि अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राला द्या.