भंडारदऱ्यातील पहिला मुक्काम आणि डासांचा बंदोबस्त

आपण भंडारदऱ्याला प्रथमच तंबूत राहणार आहात, म्हणून आवर्जून सांगतो की कीटकांपासूनचा बचाव डास पळवणाऱ्या तेलाच्या बाटलीपेक्षा जागेच्या निवडीवर अधिक अवलंबून असतो. डासांना वाऱ्यात नीट उडता येत नाही, त्यामुळे पाण्याचा काठ आणि दाट झुडपे टाळून, वारा खेळता असलेल्या थोड्या उंच माळावर तंबू लावावा. सूर्यास्तापूर्वीच तंबूची जाळी बंद करावी. ही सवय मला सर्वांत मोलाची वाटते. कडुनिंबाचा वाळलेला पाला गोवरीवर टाकून केलेला धूर काहीसा उपयोगी पडतो, परंतु तो तंबूबाहेर, पुरेशा अंतरावर आणि वाळल्या गवतापासून दूर करावा. तंबूत निखारा कधीही नेऊ नये, कारण त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि झोपेतच जिवावर बेतते. सिट्रोनेलाचे (गवती चहासारख्या सुगंधी गवताचे) तेल खोबरेल तेलात पातळ करूनच अंगाला लावावे. त्याचा गंध तासा-दोन तासांत उडतो, तेव्हा ते पुन्हा लावावे लागते. मे-जूनमध्ये काजवे पाहण्यासाठी जाणार असाल, तर मात्र धूर करूच नये आणि विजेरीही कमीत कमी वापरावी, कारण काजवे आपल्या प्रकाशाच्या संकेतांनीच जोडीदार शोधतात.